उत्सवाचा यात्रिक



गोमंतकातील उत्सवाला दुरून येणारा यात्रिक हा अलीकडचा पाहुणा नव्हे. सोळाव्या शतकात साष्टी व तिसवाडीतील देवालयांवर संकट कोसळले, तेव्हा भक्तांनी आपली दैवते नदीपार नेली. कुठ्ठाळीचा श्रीमंगेश 1560 साली प्रियोळास आला. केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास, लोटलीचा श्रीरामनाथ बांदिवड्यास, मडगावचा श्रीदामोदर कुशावतीकाठी जांबावलीस. फोंडा महाल पोर्तुगीज अमलाखाली गेला तो 1763 च्या सुमारास. म्हणजे सुमारे दोनशे वर्षे तेथील दैवते एका राज्यात आणि त्यांचे कित्येक कुळावी दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती होती. उत्सवाचा पहिला यात्रिक स्वतः महाजनच होय. देवळाभोवतालच्या अग्रशाळा आजही त्याची साक्ष देतात.

पुढे मुंबईकर कुळावी आगबोटीने पणजीस उतरत आणि उत्सव आटोपेपर्यंत अग्रशाळेत राहत. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, रस्ते सुधारले, आणि प्रवास सुखाचा झाला. परंतु मुक्काम आखडला. सकाळी येऊन, अभिषेक उरकून, छायाचित्र घेऊन सायंकाळी परतणारा कुळावी आणि देऊळ पाहावयास आलेला परका प्रवासी यांत भेद तो कोणता उरला?

माघ शुद्ध पंचमीस कवळ्यास आणि माघी पौर्णिमेस मंगेशीस जो रात्र जागवतो, त्यालाच जत्रा उमगते. म्हार्दोळच्या जायांच्या पूजेत फुलांचा सुगंध सर्वांस मिळतो. ती फुले खुडणारे व गुंफणारे हात मात्र थांबणाऱ्यासच दिसतात. जांबावलीचा गुलाल अंगावर पडला की मडगावकराला आपल्या ग्रामदैवताचे स्थलांतर इतिहास न वाचताही कळते. वाजंत्री, मशालवाले, रथाची दोरी धरणारे, पालखीचे खांदेकरी यांच्याविना कोणताही उत्सव उभा राहत नाही. त्यांची नावे व सेवेचा क्रम किती महाजनपुत्रांस ठाऊक आहे?

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. 3 मे 2025 रोजी पहाटे शिरगावच्या श्रीलईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविक प्राणास मुकले. जत्रेस येणाऱ्या प्रत्येकास मोकळी वाट, पाणी आणि उभे राहण्यास जागा मिळणे हेही पूजेइतकेच देवकार्य आहे. 1933 च्या कायद्याने महाजनांचे अधिकार लेखी केले. आतिथ्य मात्र कलमांनी शिकवता येत नाही.

यास्तव दोन सूचना नम्रपणे मांडाव्याशा वाटतात. प्रत्येक महाजन कुटुंबाने वर्षातून एका उत्सवास मुलाबाळांसह निदान एक रात्र देवळात मुक्काम करावा. आणि वृद्ध सेवेकऱ्यांकडून उत्सवाचा क्रम व रूढी आताच लिहून घ्याव्यात; त्यांच्या स्मरणाबरोबर त्या लोपल्या तर पुन्हा मिळणार नाहीत. दाराशी आलेल्या परक्या प्रवाशाला ‘हे काय आहे?’ असे विचारावेसे वाटले, तर त्याला आदराने सांगणारा कोणी तरी घरचा माणूस तेथे असला पाहिजे.

श्रींच्या कृपेने ही बुद्धी सर्वांस होवो.