“ऐकू कमी येतं” याच्या पुढचं वाक्य

(सोमेश्वरनगर येथे मार्च महिन्यात झालेल्या संघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



३ मार्च हा जागतिक श्रवण दिन असतो. म्हणून आज बचत-कर्जाच्या आधी दहा मिनिटं कानाविषयी बोलते. तुम्ही म्हणाल, गटाचा आणि कानाचा काय संबंध? अहो, गटाचा सगळा कारभार कानावरच तर चालतो! हप्ता किती, व्याज किती, कर्ज कुणाला, ठराव काय, हे आधी मोठ्यानं वाचलं जातं आणि मग आपण सही करतो नाहीतर अंगठा देतो. जिला वाचलेलं कळलंच नाही, तिनं सही कशावर केली?

आधी कानात काय होतं ते समजून घेऊ. वय वाढलं, किंवा वर्षानुवर्षं मोठ्या आवाजाच्या यंत्राजवळ काम केलं, की बहुतेकींना बारीक, तीक्ष्ण आवाज आधी ऐकू येईनासे होतात. कारखान्याचा भोंगा ऐकू येतो, उसाचा ट्रॅक्टर ऐकू येतो. पण बोलण्यातले स, श, फ असे हलके आवाज गळून जातात. ‘साठ’मधला स गळाला की काय उरतं? ‘आठ’! आता सांगा, हिशोबात केवढा फरक पडला? घरचे मात्र म्हणतात, “हिला हवं तेवढं बरोबर ऐकू येतं.” तसं नसतं. आवाज येतो, पण शब्द लागत नाही.

आणि नेमकं हेच आपण कुणाला सांगत नाही. का? कारण आपल्याकडे शब्द दोनच. एक ‘बहिरी’. तो ऐकला की लोकांना वाटतं, हिच्याशी बोलून उपयोग नाही, हिच्या सुनेलाच विचारा. दुसरं, ‘ऐकू कमी येतं’. हे खरं आहे, पण अर्धवट आहे. समोरचा लगेच ओरडायला लागतो. ओरडल्यानं आवाज फाटतो, तोंड वेडंवाकडं होतं, शब्द आणखीच कळेनासा होतो. वर चारचौघांत लाज वाटते ती वेगळीच. मग बाई गप्प बसते आणि सगळ्याला ‘हो’ म्हणते. लोक म्हणतात, गर्व झालाय, मुद्दाम कानाडोळा करते.

एका गटातल्या काकू दर बैठकीत दाराशी बसायच्या. काहीही विचारलं तरी मान हलवायच्या. एकदा हप्ता सातशे ठरला आणि त्या आठशे घेऊन आल्या. सगळ्या हसल्या. तेव्हा काकू म्हणाल्या, “भोंगा ऐकू येतो मला, तुमचं बोलणं लागत नाही. माझ्या तोंडासमोर बसून सावकाश बोला की!” बघा, एका वाक्यात सगळं आलं. काय होतं तेही आणि समोरच्यानं काय करायचं तेही. त्या दिवसापासून सचिव ताई त्यांच्या समोर बसून वाचतात.

माझं सांगणं एवढंच आहे. नुसतं दुखणं सांगून थांबू नका, पुढचं वाक्यही बोला. पण ते जागा बघून बोलायचं.

बँकेत: “मला आकडा नीट कळत नाही, कागदावर लिहून द्या.”

फोनवर: “फोनवर मला बोलणं लागत नाही. मेसेज करा, नाहीतर घरी या.”

घरी: “आधी मला हाक मार, मी वळून बघितलं की मग बोल. भांडी घासताना पाठीमागून सांगू नकोस.”

गटात: “एका वेळी एकीनंच बोला. पंखा जरा बंद करा.”

आणि नुसतं “काय?” विचारू नका. “सातशे म्हणालात की आठशे?” असं विचारा. म्हणजे समोरचा नेमकं तेवढंच परत सांगतो.

डॉक्टरांसमोर शब्द आणखी नेमके लागतात. कधीपासून? एका कानाला की दोन्ही? कान वाहतो का? कानात शिट्टी वाजल्यासारखं होतं का? चक्कर येते का? हे घरूनच लिहून न्या. आणि एका रात्रीत कान बंद पडला असेल, तर वाट बघू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. अशा वेळी उशीर झाला तर ऐकू येणं परत मिळवणं अवघड होतं.

सरकारी कागदावरचे शब्द वेगळे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात दोन पायऱ्या आहेत. डेसिबल हे आवाजाचं माप आहे. दोन्ही कानांचं ऐकणं ७० डेसिबल किंवा जास्त गेलं असेल तर ‘बधिर’, ६० ते ७० असेल तर ‘कमी ऐकू येणारी’ व्यक्ती. हे कानाची तपासणी करूनच ठरतं. आपलं नुकसान त्याहून कमी भरलं तर आपण त्या व्याख्येत बसत नाही. पण म्हणून आपला त्रास खोटा ठरत नाही.

आणखी एक. जन्मापासून ऐकू न येणाऱ्यांना सरसकट ‘मूकबधिर’ म्हणू नका. त्यांतले पुष्कळ जण मुके नसतात, आणि हातांच्या खुणांची त्यांची भाषा ही पुरी भाषा आहे. कुणी स्वतःला ‘कर्णबधिर’ म्हणवतं, कुणी सरळ ‘बहिरी’ म्हणतं. स्वतःसाठी शब्द निवडायचा हक्क जिचा तिचा. आपण बाकीच्यांनी मात्र तिला तिच्या नावानंच हाक मारायची.

आता काम सांगते. पुढच्या बैठकीआधी प्रत्येक गटानं हे करायचं. जिला त्रास आहे तिनं आपलं एक वाक्य ठरवायचं. सगळ्यांसमोर बोलायचं नसेल तर अध्यक्ष ताईंना एकटीला सांगा, चालेल. सचिव ताईंनी आकडे फळ्यावर लिहायचे आणि ठराव वाचून झाल्यावर “कळलं का?” असं विचारायचं नाही. “हप्ता किती ठरला, सांगा बरं,” असं विचारायचं. ‘कळलं का’ला सगळ्याच ‘हो’ म्हणतात. ज्यांचे कान चांगले आहेत त्यासुद्धा!