थवा उडवू नका, तळे झाका



फरीदाबाद ज्या मथुरा रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाढले, त्याच रस्त्याने दिल्लीकडे गेले की जुन्या किल्ल्याशेजारी प्राणिसंग्रहालय लागते. तिथल्या तळ्यांवर दर पावसाळ्यात रानातले चित्रबलाक आपणहून येतात, झाडांवर घरटी बांधतात आणि आसपासच्या पाणथळींतून पिलांसाठी मासे आणतात. 2025 च्या ऑगस्टअखेरीस हे पक्षी मरू लागले. भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेच्या तपासणीत बर्ड फ्लूचा एच5एन1 विषाणू सापडला आणि प्राणिसंग्रहालय बंद झाले. 2016 मध्येही याच रोगामुळे ते बंद ठेवावे लागले होते. प्राणिसंग्रहालयाला निदान फाटक आहे. यमुनेला, ओखल्याच्या पाणथळीला आणि फरीदाबादच्या मत्स्यतळ्यांना ते नाही.

तळ्यावर पाणकावळे उतरले की राखणदार काय करतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. डबे बडवतो, फटाके लावतो, गोफण फिरवतो. त्याचा राग खोटा नाही. मोठा पाणकावळा दिवसाला अर्धा किलोच्या आसपास मासळी खातो. रोहू-कटल्याची बोटुकली नुकतीच सोडलेली असेल तर आठवड्यात हिशेब कोलमडतो. पण साथीच्या दिवसांत हाच फटाका घात करतो. उडालेला थवा नाहीसा होत नाही, शेजारच्या तळ्यावर उतरतो. त्यात एखादा आजारी पक्षी असला, तर रोगही तिथे उतरतो.

मासळीला हा रोग होत नाही, आणि नीट शिजवलेली मासळी खायला धोका नाही. हे बाजारात मोठ्याने सांगायला हवे, कारण अफवेने भाव पडतो तो मासेमाराचाच. विषाणू असतो पक्ष्याच्या विष्ठेत आणि लाळेत. उन्हाने तापलेल्या पाण्यात तो लवकर मरतो, थंड पाण्यात मात्र आठवडेच्या आठवडे टिकतो. उत्तरेतला डिसेंबर-जानेवारी त्याला मानवणारा. तिथून तो जाळ्याला, गमबुटांना, मासळीच्या टबांना चिकटून कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत पोचू शकतो. ज्यांनी तळ्यावरच कोंबड्यांची शेड उभारली आहे, विष्ठा खाली पडते आणि खताचे पैसे वाचतात, त्यांनी तर फारच सावध राहावे. कोंबड्या-बदके, डुकरे आणि मासे एकाच जागी पाळण्यातून फ्लूची महासाथ उद्भवू शकते, असा इशारा शोल्टिसेक आणि नेलर या शास्त्रज्ञांनी 1988 सालीच ‘नेचर’मध्ये दिला होता.

मग करायचे काय? संगोपनाची लहान तळी जाळीने पूर्ण झाकावीत. जाळी जाड धाग्याची, डोळ्यांना दिसणारी आणि ताणलेली हवी. सैल जाळीत बगळे अडकून मरतात. मोठ्या तळ्यावर पाण्याच्या थोडे वर आडव्या-उभ्या दोऱ्या ताणाव्यात. पाणकावळ्याला उडण्यासाठी पाण्यावरून थोडे धावावे लागते. ती वाट अडली की त्याला तळे नकोसे होते. हे सारे पाहुणे पक्षी येण्याआधी, ऑक्टोबरच्या आत व्हायला हवे. मेलेली मासळी काठावर टाकून देऊ नये, ती बगळ्यांना आमंत्रण देते. मेलेला पक्षी दिसला तर उघड्या हाताने उचलू नये, कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नये, पशुवैद्यकीय दवाखान्याला तत्काळ कळवावे. बंदुकीचा तर विचारही नको: या पक्ष्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे.

ग्रीसमधल्या छोट्या प्रेस्पा सरोवरावर 2022 च्या वसंतात सतराशेहून अधिक डाल्मेशियन झोळीवाले मेले. मासे खाणारा, दाटीने घरटी करणारा पक्षी किती झपाट्याने संपतो, याचा तो दाखला आहे. महाराष्ट्राने यातून धडा घ्यावा. भिगवणजवळ भादलवाडीच्या तळ्यावर चित्रबलाकांची वसाहत आहे, आणि शेजारच्या उजनी जलाशयावर मासेमारांची शेकडो घरे जगतात. जानेवारी 2021 मध्ये ठाण्यात मेलेल्या बगळ्यांमध्येही बर्ड फ्लू आढळला होता.

त्याच हिवाळ्यात हिमाचलच्या पोंग जलाशयावर चार हजारांहून अधिक स्थलांतरित पक्षी मेले. त्यांत बहुतेक पट्टकादंब, म्हणजे गवत खाणारे हंस. तरी मासेमारी थांबवली गेली आणि कांगडा जिल्ह्याच्या चार उपविभागांत मासळीची विक्रीही बंद झाली. खबरदारी म्हणून ते समजण्यासारखे होते. पण साथीत कोंबड्या नष्ट केल्या की कुक्कुटपालकाला भरपाई मिळते, केंद्र आणि राज्य ती निम्मी-निम्मी उचलतात. नाव काठाला ओढून बसलेल्या मासेमाराला त्या योजनेत जागा नाही. हा अन्याय आहे.

म्हणून मत्स्यशेतकऱ्यांच्या आणि मासेमारांच्या या अधिवेशनाने दोन ठराव करावेत. साथीच्या काळात मासेमारीवर बंदी आली, तर तेवढ्या दिवसांची रोजी मासेमाराला भरपाई म्हणून मिळावी. आणि जाळ्या व दोऱ्यांसाठी लहान तळेवाल्याला अनुदान मिळावे, तेही पहिला थवा उतरण्यापूर्वी.