वण आणि ताण

त्वचारोगतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन, फिजिओथेरपिस्ट, परिचारिका मंडळी आणि पहिल्या रांगेत बसलेले आमचे रुग्ण,

मिरजेत पाहुण्यांना आम्ही दोन गोष्टी हमखास दाखवतो, दवाखाने आणि सतारी. दवाखान्यांचं तुम्हाला अप्रूप नाही. पण संध्याकाळी सतारमेकर गल्लीत चक्कर माराच. तिथला कारागीर खुंटी पिळतो, थांबतो, कान देतो, पुन्हा केसभर पिळतो. तारेला ताण किती, हे त्याच्या बोटांना कळतं. आपल्याही बोटांना ते कळायला हवं, कारण वण कसा दिसणार हे पुष्कळसं ताणावर ठरतं. व्हिएन्नाच्या कार्ल लँगर यांनी १८६१ साली मृतदेहांच्या कातडीला गोल टोच्याने भोकं पाडली, तर ती लांबट झाली. कातडी कुठल्या दिशेने ओढली जाते, हे त्यातून कळलं. त्या ओढीच्या दिशेने घेतलेला छेद बारीक रेघ होऊन राहतो. आडवा घेतला की पसरतो. छाती आणि खांद्यावरचे वण दांडगे होतात त्यात या ओढीचा मोठा हात आहे.

संस्कृतात ‘व्रण’ म्हणजे जखम. मराठीत जखम भरल्यावर उरते त्या खुणेलाही आपण व्रण म्हणतो, बोलताना वण. दोन्हींना एकच शब्द, हे मला शास्त्राला धरून वाटतं. खपली पडली की आपण टाके काढून रुग्णाला मोकळं करतो, पण आत घाईघाईने घातलेलं कोलॅजन उसवून नव्याने विणण्याचं काम वर्षभर, कधी त्याहून जास्त चालतं. इतकं करूनही त्या जागेची मजबुती मूळ कातडीच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंतच पोचते. सुश्रुताने व्रणाचे सात उपक्रम सांगितले, त्यात जखम भरून आणणं सहावं आहे. सातवं ‘वैकृतापह’, म्हणजे राहिलेलं वैगुण्य घालवणं. आपण बहुतेक जण सहाव्यावर हात धुतो.

मीही धुतले होते. उमेदीच्या काळात एक मुलगी आली. बुगडीसाठी कान टोचला होता, तिथे वाटाण्याएवढी गाठ. मी ती सफाईने कापली आणि स्वतःवर खूश झालो. सहा महिन्यांनी ती परत आली तेव्हा गाठ बोराएवढी होती. तिची आई म्हणाली, “डॉक्टर, तुम्ही तर तिला खतपाणीच घातलंत.”

तो केलॉइड होता. साधा जाड वण आपल्या बांधाच्या आत राहतो आणि वेळ दिला तर पुष्कळदा ओसरतो. केलॉइड बांध कोरत शेजारच्या रानात शिरतो. नुसता कापला तर तो परत येण्याचीच शक्यता जास्त. आधी त्यात ट्रायमसिनोलोनची इंजेक्शनं द्यायची, काही आठवड्यांच्या अंतराने. कापायचाच असेल तर पाठोपाठ इंजेक्शनं, दाब देणारी कानातली, निवडक रुग्णांत किरणोपचार. हे मी त्या मुलीच्या कानावर शिकलो, याची टोचणी अजून आहे.

मुरमांच्या खड्ड्यांवर उद्याचं अख्खं सत्र आहे, म्हणून एवढंच म्हणतो: खड्ड्याला खाली धरून ठेवणारे धागे सुईने सोडवा, लेसर वापरा, पण आपल्या सावळ्या कातडीवर तो जरा जास्त झाला की खड्डा परवडला, काळा डाग नको, अशी गत होते. भाजल्यानंतर छातीला चिकटलेली मान सोडवण्याचं प्रात्यक्षिक आज दुपारी आहे.

‘डाग जाईल का?’ हा प्रश्न आपल्याला रोज ऐकावा लागतो. जाहिराती ‘हो’ म्हणतात. खरं उत्तर असं, की पुरता जाणार नाही. सपाट होईल, मऊ होईल, खाज थांबेल, मान वळेल. त्यासाठी सिलिकॉनची पट्टी रोज बारा-बारा तास, निदान दोन-तीन महिने लावावी लागेल. हे सांगायला पाच मिनिटं लागतात, आणि नेमकी तीच आपल्याकडे नसतात.

१७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये कावसजी नावाच्या मराठी गाडीवानाची हकीकत छापून आली. तो इंग्रजी फौजेच्या बैलगाड्यांवर होता. टिपूच्या कैदेत त्याचं नाक कापलं गेलं आणि पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. जगाला त्या नाकाचं नवल वाटलं. मला मात्र त्या मजकुरातली एक बारीक नोंद आवडते: कपाळावरचा वणही काही काळाने फारसा नजरेत भरत नाही. नाक बसल्यावरही कुणी तरी कपाळाकडे पाहिलं होतं.

कावसजीला स्वतःला काय वाटलं, हे कुणी विचारल्याचं त्यात नाही. म्हणून रुग्णांचं सत्र जेवणानंतरच्या पेंगेत ठेवायचं नाही, असा हट्ट मी कार्यकारिणीत धरला. ते आता लगेच आहे, आणि पहिल्या बोलणार आहेत त्या बुगडीवाल्या बाई. त्यांनी मला आधीच बजावलंय की स्वागताध्यक्षांनी लांबण लावायची नाही. ताई, या.