ओला मका, फुटका दाणा आणि एक पंखा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा मजकूर. आज ॲप, एआय, पगार यातलं काहीच नाही. आज मक्याबद्दल बोलूया. मी पुण्यात कोड लिहितो, पण घर सिल्लोड तालुक्यात आहे आणि आमच्याकडे खरिपात मका म्हणजे वर्षाचा हिशोब.

गोष्ट मागच्या वर्षापासून सुरू होते. ऑक्टोबर महिना, परतीचा पाऊस डोक्यावर. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घाईघाईत ओल्याच मक्याची मळणी केली आणि दाणे ताडपत्रीखाली झाकले. चार दिवसांनी ढिगात हात घातला तर आत गरम! आंबूस वास, दाण्यांच्या टोकाला हिरवट बुरशी. व्यापाऱ्याने मूठभर दाणे तळहातावर पसरले, फुंकर मारली आणि भाव पाडला. अण्णा काही बोलले नाहीत. मला मात्र ते फार लागलं.

माझा पहिला समज असा होता की दोष ओलाव्याचा. तो अर्धाच खरा निघाला. दाण्यावर एक पातळ साल असते, तीच त्याचं चिलखत. ती फाटली की आतलं पीठ उघडं पडतं आणि बुरशीला आयतं दार मिळतं. ओलावा आणि फुटका दाणा एकत्र आले की ढीग तापणारच. मग प्रश्न असा, की दाणा फुटतो कुठे? तर मळणी यंत्राच्या ड्रममध्ये.

का फुटतो ते बघा. ओल्या कणसात दाणा मधल्या दांड्याला घट्ट धरून बसलेला असतो. तो सोडवायला जास्त जोर लागतो. आणि नेमका तेव्हाच दाणा मऊ असतो, म्हणजे जोर सहन करायची त्याची ताकद कमी. पकड जास्त, ताकद कमी. कणीस वाळलं की दाणा आणि दांडा दोन्ही आकसतात, जोड ठिसूळ होतो आणि दाणा हलक्या धक्क्याने सुटतो. उलट फार कोरडा दाणा काचेसारखा तडकतो. म्हणून मळणीसाठी साधारण १८ ते २२ टक्के ओलावा हा मधला बरा टप्पा मानतात.

आता थोडं गणित, घाबरू नका. धक्क्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अर्धा मीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला ६०० फेरे फिरला, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला जवळपास १५.७ मीटर. ४५० फेऱ्यांवर तो ११.८ वर येतो. वेग पाव हिश्शाने कमी झाला, पण धक्क्याची ऊर्जा ४४ टक्क्यांनी घटली. मी खूश! म्हटलं, ट्रॅक्टरचा थ्रॉटल कमी केला की झालं काम.

मशीनवाल्या काकांना फोन लावला. ते हसले. म्हणाले, "इंजिनियर, थ्रॉटल कमी केला तर पंखा पण मरंल ना!"

आणि ते शंभर टक्के बरोबर होते. बहुतेक थ्रेशरमध्ये ड्रम आणि पंखा दोघांनाही ताकद एकाच ट्रॅक्टरच्या पीटीओवरून मिळते. पंख्याचा वेग पाव हिश्शाने कमी झाला तर हवा तेवढीच कमी होते, पण हवेचा दाब वर्गाने घटतो, म्हणजे तोही ४४ टक्के. मग पाचोळा आणि दांड्याचे तुकडे बाहेर फेकले जात नाहीत, चाळणीवर गादी साचते. सुटलेल्या दाण्याला खाली पडायला वाट राहत नाही. तो ड्रममध्येच घुटमळतो आणि पुन्हा पुन्हा मार खातो. म्हणजे दाणा वाचवायला वेग कमी करायचा आणि हवा कमी झाल्यामुळे तोच दाणा फोडायचा!

यंत्रातल्या हवेचं काम मला इथे कळलं. मक्याचा दाणा उडवायला सेकंदाला दहा-बारा मीटरच्या आसपास वेगाची हवा लागते, पाचोळा त्याच्या कितीतरी कमी वेगात उडतो. या दोन वेगांच्या मधली हवा ठेवली की कचरा जातो, दाणा राहतो आणि ड्रमखालची वाट मोकळी राहते. तेव्हा ड्रम हळू आणि पंखा जोरात, दोन्ही एकाच वेळी हवं. काकांच्या मशीनवर पंख्याचा पट्टा वेगळा होता. ड्रमच्या शाफ्टवर १२ इंची पुली होती, तिथे १६ इंची बसवली. ६०० गुणिले १२ भागिले १६, बरोबर ४५०. पंख्याला हात लावला नाही. (हे काम ट्रॅक्टर बंद करून, चावी खिशात ठेवून. पट्ट्यावरची जाळी परत लावल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. थ्रेशरने हात गेलेली माणसं प्रत्येक गावात आहेत.)

काकांचा पोत्यावर हिशोब असतो, ड्रम हळू म्हणजे दिवसाची पोती कमी. त्यांचं नुकसान मी माझ्या खिशातून भरायचं ठरलं. फुकटात कोणी प्रयोग करू देत नाही आणि देऊही नये.

कोड लिहिताना एक नियम असतो : एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळत नाही. म्हणून एकाच ढिगातली कणसं घेतली, ओलावा २६ टक्के. पहिलं पोतं जुन्या पुलीवर. दुसरं नव्या पुलीवर. प्रत्येकातून शंभर दाणे उचलले आणि जखमेवर लावतो त्या आयोडीनच्या औषधात बुडवून धुतले. साल फाटली असेल तिथे आतल्या पिठावर काळी-निळी रेघ उमटते. (ते दाणे नंतर फेकायचे, जनावरांनाही द्यायचे नाहीत.) पहिल्यात १९ दाण्यांवर रेघ. दुसऱ्यात ११. पण दुसऱ्यात कणसांना दाणे चिकटूनच राहिले! परत मशीनमध्ये टाकावी लागली असती, म्हणजे परत मार.

अण्णा म्हणाले, "झालं तुझं? आता जुनी पुली लाव. परवा पाऊस सांगितलाय. पाऊस काय तुझ्या लॅपटॉपला विचारून येतो का?"

खरं सांगतो, पोटात गोळा आला होता. वर्षाचा मका उघड्यावर आणि मी त्यांना थांबा म्हणतोय. शेवटी तडजोड झाली. अर्धा मका जुन्या पद्धतीने लगेच मळायचा. अर्धा माझ्या जबाबदारीवर ठेवायचा.

माझ्या अर्ध्यासाठी बांबू आणि जाळीचा लांबट पिंजरा बांधला. जमिनीपासून गुडघाभर उंच, रुंदी फक्त दोन फूट, वर पत्रा. लांब बाजू वाऱ्याला आडवी. कणसं पूर्ण सोलून भरली, कारण पाला असला की हवा आत शिरत नाही. एका बाजूने जुन्या कूलरचा पंखा. इथेही एक गंमत. मळ्यात लाईट येते रात्री, आणि रात्रीची हवा दमट. हवेत आर्द्रता ७० टक्के असेल तर मका हळूहळू १४ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतो. ९० टक्के असेल तर त्याच्या बराच वर. म्हणजे पावसाळी रात्री पंखा चालवून फक्त बिल वाढतं. म्हणून घरातून केबल ओढली आणि पंखा सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एवढाच चालवला. बाकी काम वाऱ्याने केलं.

पाऊस आला. दोन दिवस. खालच्या थरातली कणसं शिंतोड्यांनी भिजली, त्यांना बुरशी लागली, ती फेकली. पण आठव्या दिवशी मीटरवर १९ टक्के. काकांना बोलावलं, तीच १६ इंची पुली. दांडे स्वच्छ बाहेर पडले. शंभर दाण्यांत रेघ होती पाचांवर.

ही एका शेतातली मोजणी आहे, संशोधन नाही. पण मला जे समजलं ते असं : हवा दाणा सोडवत नाही. मळणीआधीची हवा कणसाची पकड सैल करते, म्हणून ड्रम हळू चालतो. मळणीतली हवा वाट मोकळी ठेवते, म्हणून सुटलेला दाणा परत मार खात नाही. यातली एक जरी सुटली तरी दुसरीचा उपयोग अर्धा.

पैशाचं पण बोलू. २६ टक्क्यांचा १०० किलो मका १४ टक्क्यांवर आणला की ८६ किलोच भरतो. अण्णांना हे १४ किलो डोळ्यांसमोर गेलेले दिसतात. पण हमीभावाच्या खरेदीत १४ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही, आणि २०२५-२६ साठी तो भाव क्विंटलला २४०० रुपये होता. व्यापारीसुद्धा पाण्याचे पैसे देत नाही, उलट पाण्याच्या नावाने जास्तच कापतो.

मीटर नसेल तर जुना उपाय : कोरडी काचेची बरणी, त्यात थोडं कोरडं मीठ आणि मूठभर दाणे, झाकण लावून हलवा. मीठ काचेला चिकटलं तर मका अजून साठवण्याजोगा नाही.

मी पुण्याला निघालो तेव्हा अण्णा पिंजऱ्याजवळ उभे होते. शाबासकी वगैरे काही नाही. एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षी खालून अजून हातभर उंच घेऊ. शिंतोडे लागणार नाहीत."

"घेऊ" म्हणाले. माझ्यासाठी तेवढं पुरे होतं.

तुमच्याकडे मका कसा वाळवतात? घरी फोन करून विचारा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात.