इंटरनेटवर निनावी राहता येते काय?



खेड्यातील प्राथमिक शाळेस इंटरनेट हा विषय आता परका राहिलेला नाही. शाळेत संगणक असो वा नसो, सातवी-आठवीतील मुलाच्या हाती सायंकाळी वडिलांचा किंवा थोरल्या भावाचा मोबाइल येतोच. आणि मोबाइलबरोबर एक समजूतही येते. ती अशी की, खोटे नाव घेतले व दुसऱ्याचे चित्र लावले, म्हणजे मजकूर कोणी लिहिला हे कोणासही कळत नाही. या भरवशावर एखादा मुलगा वर्गातील मुलीविषयी चार वावगी वाक्ये लिहितो. त्याच्या दृष्टीने ती गंमत असते. ती मुलगी मात्र दुसऱ्या दिवसापासून शाळेत येत नाही, आणि हजेरीपटावर तिच्या नावापुढे पडत जाणाऱ्या खाड्यांचे कारण शिक्षकास कित्येक दिवस उमगत नाही.

याच्या अगदी उलट अशी दुसरी समजूतही गावोगाव आढळते. मोबाइलवर केलेली प्रत्येक गोष्ट तत्काळ साऱ्या जगास दिसते, काहीही लपत नाही, अशी ही समजूत होय. तिच्यामुळे खरोखर संकटात सापडलेले मूल मदत मागण्यासही भिते. पहिल्या समजुतीने मूल उद्दाम होते, दुसरीने मुके होते. दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. यास्तव खरी स्थिती काय आहे, हे शिक्षकाने प्रथम स्वतः समजून घेणे अगत्याचे आहे.

निनावी, पण कोणापासून?

नाव झाकून लिहिणे ही इंटरनेटने आणलेली प्रथा नव्हे. १८४८ साली मुंबईच्या 'प्रभाकर' पत्रातून 'लोकहितवादी' या नावाने जी पत्रे प्रसिद्ध होऊ लागली, ती सरकारी नोकरीत असलेल्या गोपाळ हरी देशमुख यांची होती. छापलेल्या पानावर वाचकास खरे नाव दिसत नव्हते. पण मजकूर छापखान्यापर्यंत पोचायचा, तर तो कोणाच्या तरी हातून जाणारच. साधे निनावी पत्र घेतले तरी तेच दिसते. लिहिणारा खाली सही करीत नाही. पण टपालाचा शिक्का गाव सांगतो, अक्षराचे वळण हात सांगते, आणि कागद कोणत्या वहीतून फाडला हेही कधी कधी कळते.

यावरून एक गोष्ट ध्यानी येते. निनावीपणा हा नेहमी कोणापासून तरी असतो, सर्वांपासून नसतो. म्हणून 'निनावी राहता येते काय' असे मुलाने विचारले, तर शिक्षकाने त्यास तीन उलट प्रश्न करावेत: कोणापासून? किती काळ? आणि शोधणारा किती चिकाटीचा?

संदेशाची वाट

इंटरनेटवर जोडलेल्या प्रत्येक यंत्रास संदेशाची देवघेव करण्यासाठी एक सांकेतिक क्रमांक लागतो. त्यास आयपी पत्ता म्हणतात. पाठविलेल्या पत्राचे उत्तर यावयाचे तर पाठविणाराचा पत्ता लागतोच, तसेच हे आहे. जुन्या पद्धतीच्या क्रमांकांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी आहे, आणि यंत्रे त्याहून कितीतरी अधिक झाली आहेत. म्हणून पुष्कळदा अनेक मोबाइल एकाच वेळी एकच पत्ता वापरतात. तथापि कोणत्या क्षणी तो पत्ता कोणत्या मोबाइलकडे होता, याची नोंद दूरसंचार कंपनीच्या दप्तरी होऊ शकते. आणि सिमकार्ड तर ओळखीचा पुरावा दिल्यावरच मिळालेले असते. तात्पर्य, खोटे नाव हे समोरच्या वाचकापासून लपविते, वाटेवरच्यांपासून नव्हे.

काही मुलांस 'इन्कॉग्निटो' नावाची सोय ठाऊक असते. ती म्हणजे आपली पाटी पुसून टाकणे होय. पाटीवर काय होते ते घरातल्यांस दिसत नाही. पण पाटीवरून लिहून बाहेर धाडलेली चिठ्ठी पाटी पुसल्याने परत येत नाही. दुसरी सोय व्हीपीएनची. हिच्यात आपला संदेश एका मध्यस्थाच्या हातून जातो. दूरसंचार कंपनीस तो कोठे गेला हे कळत नाही, परंतु मध्यस्थास कळते. विश्वास नाहीसा होत नाही. तो एका दारातून दुसऱ्या दारी जातो. भारतात सेवा देणाऱ्या अशा मध्यस्थांनी ग्राहकाचे नाव, पत्ता इत्यादी माहिती किमान ५ वर्षे जपून ठेवावी, असा आदेश केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढला.

या सर्वांहून कसोशीचा प्रयत्न म्हणजे 'टॉर' ही यंत्रणा. तिचे मूळ अमेरिकी नौदलाच्या संशोधनशाळेत १९९० नंतरच्या दशकात झालेल्या कामात आहे. एका लिफाफ्यात दुसरा आणि दुसऱ्यात तिसरा लिफाफा घालावा, आणि प्रत्येक टप्प्यावरील माणसाने एकच लिफाफा फोडून आतला पुढे धाडावा, अशी तिची रचना आहे. पहिल्यास पाठविणारा ठाऊक असतो, शेवटच्यास मुक्कामाचा पत्ता ठाऊक असतो. दोन्ही गोष्टी एकास ठाऊक नसतात. ही योजना खरोखर चतुर आहे. जगातील कित्येक पत्रकार व छळाखाली वावरणारे लोक तिच्या आश्रयाने लिहितात.

तथापि तिच्याही मर्यादा आहेत. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात परीक्षेच्या दिवसांत बाँब ठेवल्याच्या धमकीची पत्रे ई-मेलने आली. इमारती रिकाम्या कराव्या लागल्या. पत्रे टॉरमधून आणि तात्पुरत्या पत्त्यावरून धाडलेली होती. शोध करणारांनी लिफाफे फोडण्याच्या खटाटोपात न पडता एक साधा प्रश्न विचारला: धमकी येण्यापूर्वीच्या काही तासांत विद्यापीठाच्या जाळ्यावरून टॉर कोणी वापरले होते? त्यातून एक विद्यार्थी सापडला. चौकशीत त्याने कबुली दिली; त्यास परीक्षा चुकवावयाची होती. वर्गात खडू फेकणाराचा हात कोणी पाहिला नसला, तरी त्या क्षणी फळ्याकडे न पाहणारा मुलगा एकच असेल, तर शिक्षकास तो सापडतो. येथेही तेच घडले. लपण्याची कृतीच खूण ठरली.

खुणांचे गणित

वाट सापडली नाही, तरी मजकूरच बोलतो. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकी कंपनीने संशोधकांच्या उपयोगासाठी म्हणून आपल्या सुमारे साडेसहा लाख ग्राहकांनी तीन महिन्यांत शोधलेले सुमारे २ कोटी शब्दसमूह प्रसिद्ध केले. नावे काढून त्यांच्या जागी क्रमांक घातले होते. थोड्याच दिवसांत 'न्यू यॉर्क टाइम्स'च्या वार्ताहरांनी त्यांतील एका क्रमांकामागची स्त्री शोधून काढली. तिने आपल्या गावातील कामकरी शोधले होते, आपल्याच आडनावाची माणसे शोधली होती, आपल्या दुखण्याखुपण्याविषयी विचारले होते. एकेक शोध निरुपद्रवी होता. सारे एकत्र येताच ती व्यक्ती उभी राहिली. कंपनीने चूक मान्य करून माहिती मागे घेतली, परंतु तोवर तिच्या प्रती सर्वत्र पसरल्या होत्या.

हे का घडते, ते गणिताने समजते, आणि हे गणित वर्गात शिकविण्याजोगे आहे. ३२ मुलांस उभे करावे. त्यांपैकी एकाचे नाव शिक्षकाने मनात धरावे. मुलांनी 'होय' किंवा 'नाही' एवढेच उत्तर येईल असे प्रश्न विचारावेत, आणि ज्यांस उत्तर लागू पडत नाही त्यांनी खाली बसावे. प्रत्येक प्रश्नाने उभे असलेल्यांपैकी निम्मी मुले बसतील असे प्रश्न निवडले, तर ३२ची १६, मग ८, ४, २ आणि पाचव्या प्रश्नास एकच मूल उभे राहते. नाव कोणीही उच्चारलेले नसते! दहा प्रश्नांत १,०२४ माणसांचे गाव संपते. आणि साऱ्या जगातून एक माणूस वेगळा काढण्यास किती प्रश्न लागावेत? २चा ३३वा घात सुमारे ८५९ कोटी येतो. जगाची लोकसंख्या त्याहून कमी आहे. म्हणजे अवघे तेहतीस प्रश्न पुरतात.

व्यवहारात तर याहून कमी खुणा चालतात. लतान्या स्वीनी या अमेरिकी विदुषीने १९९०च्या जनगणनेच्या आधारे असा अंदाज काढला की, टपालाचा विभाग-क्रमांक, पूर्ण जन्मतारीख आणि स्त्री की पुरुष, या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतील ८७ टक्के माणसे एकमेवपणे ओळखता येतील. २००६च्या एका अभ्यासात हे प्रमाण ६३ टक्क्यांच्या आसपास निघाले. हा कमी आकडा धरला, तरी निम्म्याहून अधिक माणसे तीन खुणांत सापडतात.

आता शाळेकडे पाहावे. एखाद्या मुलाचा वाढदिवस असतो. शिक्षक कौतुकाने त्याचे छायाचित्र काढतात. पूर्ण नाव, इयत्ता, शाळा व गाव लिहून शुभेच्छांचा संदेश गटावर धाडतात. हेतू निर्मळ असतो. पण तीनच्या तीन खुणा, आणि वर नाव व चेहरा, एवढे सारे एका क्षणात परक्यांच्या हाती जाते. त्या मुलास पुढे वीस वर्षांनी कोणापासून काही झाकावेसे वाटले, तर त्याचा तो अधिकार त्याच्या गुरुजींनीच आधी खर्च केलेला असतो.

झाकणे म्हणजे पाप नव्हे

एवढ्यावरून निनावीपणा ही वाईट गोष्ट आहे असा समज होऊ देऊ नये. लोकशाहीचा पाया असलेले मतदान गुप्त असते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने, खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत अधिकार आहे, असा एकमुखाने निर्णय दिला. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२च्या कायद्याने पीडित बालकाची ओळख पटेल अशी माहिती प्रसारमाध्यमांतून प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे; त्यात नावच नव्हे, तर शाळा, शेजार व घरच्यांची माहितीही येते. खुणा जोडल्या जातात, हे कायदा करणारांनी ओळखले होते. ज्याने दुखविले त्यास लपण्याची जागा हवी असते, आणि जो दुखावला त्यासही. यांतील भेद करण्याचा विवेक मुलांस शिकवावयाचा आहे.

शाळेत काय करावे?

१. वर सांगितलेला पाच प्रश्नांचा खेळ सहावीपासूनच्या वर्गांत घ्यावा. उपदेशाने जे पटत नाही, ते एकट्या उभ्या राहिलेल्या मुलाकडे पाहून पटते. मात्र मनात धरावयाचे नाव अशा मुलाचे असावे की ज्यास एकटे उभे राहण्याचा संकोच वाटणार नाही.

२. 'स्वतःच्या नावाने जे लिहिता येणार नाही, ते निनावी लिहू नये,' एवढा एकच दंडक मुलांपुढे ठेवावा. संकटात मदत मागणे हा या दंडकास अपवाद आहे, हेही त्याच वेळी सांगावे.

३. मुलांची छायाचित्रे पालकांच्या संमतीवाचून उघड्या गटावर धाडू नयेत. शुभेच्छा वर्गात तोंडी द्याव्यात. त्यांची गोडी कमी होत नाही.

४. बालकांसाठी असलेला १०९८ हा दूरध्वनी क्रमांक भिंतीवर ठळक लिहावा, आणि त्यावर कोणतेही मूल स्वतः बोलू शकते, हे समजावून द्यावे.

तक्रारपेटी

शेवटी शाळेतील तक्रारपेटीविषयी. तिच्यावर 'नाव लिहिण्याची गरज नाही' असे लिहिलेले असते. एखादी मुलगी वहीचे पान फाडून दोन ओळी लिहिते, चौकोनी घडी करून पेटीत टाकते आणि मनात समजते की, हे कोणी लिहिले ते कोणास कळणार नाही. पेटी उघडून चिठ्ठी वाचणाऱ्या शिक्षकाने मात्र तिचे शुद्धलेखन चार वर्षे तपासलेले असते. 'श'ची गाठ आणि वेलांटीचा झोक पाहताच ती मुलगी त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहते. पूर्ण निनावीपणा तेथेही नाही.

तरीही ती पेटी खोटी ठरत नाही. कारण चिठ्ठीचे रक्षण कुलूप करीत नाही, वाचणारा करतो. ओळख पटली तरी त्याने वर्गात तिच्याकडे रोखून पाहू नये, शिक्षकांच्या खोलीत अक्षराची चर्चा करू नये, आणि तक्रारीचे निवारण मात्र चुकवू नये. चिठ्ठीत लैंगिक अत्याचाराची वार्ता असेल, तर पोलिसांस कळविणे हे कायद्याने बंधनकारक आहे; ते कळवावे, आणि गावास कळू देऊ नये.

इंटरनेटची स्थिती याहून निराळी नाही. तेथेही कोणी ना कोणी अक्षर ओळखणारा असतोच. पूर्णपणे अनोळखी राहण्याचे यंत्र मनुष्याने अद्याप बनविलेले नाही. म्हणून ओळख पटूनही ती जपणारी माणसे घडवावी लागतात. हे काम कोणत्याही कंपनीचे नव्हे. ते शाळेचे आहे, आणि त्याचा पहिला पाठ शिक्षक तक्रारपेटी उघडतो त्या दिवशीच दिला जातो.