वीण सरल्यावर मासा कोठे जातो?

पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे रस्ते आळेफाट्याला एकमेकांना छेदतात. या चौकातून नारायणगावकडे निघाले की येडगावचे धरण जवळच लागते. माळशेजच्या दिशेने गेले की पिंपळगाव जोगेचा जलाशय दिसू लागतो. माणिकडोह, वडज आणि आंबेगाव तालुक्यातील डिंभे ही कुकडी प्रकल्पाची आणखी तीन धरणे. ही धरणे बांधली गेली ती शेतीसाठी. पण पाणी अडले तेथे मासाही वाढला आणि काठच्या अनेक कुटुंबांच्या चुलीला त्याचा आधार झाला. हा आधार टिकवायचा तर एका साध्या प्रश्नाचे उत्तर गावाला ठाऊक हवे. वीण सरल्यावर मासा कोठे जातो?

कटला, रोहू आणि मृगळ या जाती साचलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत. मृग-आर्द्राच्या पावसाने नद्या गढूळ होऊन वाहू लागल्या, की वयात आलेले मासे जलाशयाच्या मुखाकडे, नदी जेथे धरणात शिरते तेथे, प्रवाहाविरुद्ध चढू लागतात. यांनाच लोक ‘चढणीचे मासे’ म्हणतात. उथळ पाण्यात त्यांची पाठ उघडी पडते; काठीनेही मासा हाती लागतो. म्हणूनच पहिल्या पुराबरोबर तेथे गर्दी होते. परंतु त्या दिवशी मारलेल्या एका मादीच्या पोटात लाखो अंडी असतात. टोपलीत एक मासा पडतो आणि धरणातून एक पिढी जाते.

वीण आटोपल्यावरचे काही दिवस मासा थकलेला असतो. अंगावर मांस नसते, बाजारात भावही येत नाही. ओसरत्या पाण्याबरोबर तो धरणात उतरतो आणि भुकेलेला असल्याने अन्नाच्या शोधात काठ धरतो. नव्याने बुडालेल्या गवतात, झुडपांत व शेताच्या बांधांवर कीटक आणि शेवाळ विपुल असते. भाद्रपद-आश्विनात, मासा पुन्हा भरू लागल्यावर, जाणता मच्छीमार आपले जाळे याच पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला लावतो.

तिन्ही जातींचा थर मात्र वेगळा. कटला वरच्या मोकळ्या पाण्यात सूक्ष्म जीव टिपतो. रोहू मधल्या थरात वावरतो आणि बुडालेल्या दगड-लाकडांवरील शेवाळ खातो. मृगळ तळाच्या गाळात अन्न शोधतो. जाळे किती खोल सोडावयाचे, हे कोणता मासा हवा त्यावर ठरते. थंडी पडली की मासा खाणे कमी करून खोल पाण्याकडे, जुन्या नदीपात्राकडे सरकतो. उन्हाळ्यात कालव्यांना पाणी सुटून जलाशय आकसला, की उरलेल्या डोहांत मासा दाटतो. त्या वेळी मासेमारी सर्वांत सोपी असते आणि सर्वांत घातकही. कारण त्या डोहात उभे असलेले मोठे मासे हेच येत्या पावसाळ्याचे आईबाप असतात.

मरळीची गोष्ट निराळी. ती संथ, झाडोऱ्याच्या पाण्यात वीण घालते आणि पिलांची राखण करते. पाण्याच्या पृष्ठभागाशी तांबूस पिलांचा थवा हलताना दिसला, की त्याच्याखाली पालक मासा असतो. तेथे गळ टाकला तर तो भुकेने नव्हे, पिलांच्या रक्षणासाठी झडप घालतो. तो काढून घेतला, की राखणीवाचून उरलेली पिले इतर माशांच्या तोंडी जातात.

हे ज्ञान भोई आणि कोळी समाजाकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. कर्नल साइक्स यांनी १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांची नोंद केली, तेव्हा अनेक जातींना त्यांनी येथील लोकांच्या तोंडची नावेच दिली. महशीराच्या एका जातीच्या शास्त्रीय नावात ‘खुद्री’ हा शब्द आजही आहे. पुढे १९५७ साली ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांची वीण घडवून आणली. त्यामुळे मत्स्यबीज केंद्रांत जिरे तयार करून, बोटुकली झाल्यावर ती धरणात सोडणे शक्य झाले. परंतु बोटुकली विकत आणावी लागते, तर नदीच्या मुखाशी झालेली वीण फुकट मिळते. शिवाय सोडलेली बोटुकली बारीक आसाच्या जाळ्यात महिन्याभरातच निघाली, तर तो खर्चही वाया जातो.

म्हणून काठच्या ग्रामपंचायती आणि मच्छीमार सहकारी संस्था यांनी एकत्र बसून तीन गोष्टी ठरविणे अगत्याचे आहे. पुराच्या दिवसांत जलाशयाच्या मुखाशी कोणी जाळे लावू नये; बोटुकली निसटून जाईल एवढ्या मोठ्या आसाचीच जाळी वापरावीत; आणि उन्हाळ्यात निदान एक खोल डोह मासेमारीवाचून राखावा. शिक्षकांनी आषाढात मुलांना नदीकाठी नेऊन, सुरक्षित अंतरावरून, चढणीचा मासा दाखवावा. घरी जाऊन ती मुले वडिलांना जे सांगतील, ते कोणत्याही फलकापेक्षा अधिक परिणामकारक ठरेल.

शेतकरी बियाण्याची कणगी कितीही अडचण आली तरी फोडत नाही. धरणातील खोल डोह ही मच्छीमाराची बियाण्याची कणगीच होय.