नव्या शाळेचा उंबरठा



भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. माग चालवावयास उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण अशा दूरच्या मुलखांतून माणसे येतात, येथे बिऱ्हाड करतात आणि मागाहून त्यांची पोरे येतात. म्हणून येथे मराठीबरोबर उर्दू, हिंदी, तेलुगू, गुजराती माध्यमांच्याही शाळा आहेत. वर्षाच्या मध्येच एखादा बारा-तेरा वर्षांचा मुलगा शाळेच्या दारात उभा राहतो. जवळ दाखला नाही, बापाला पाळीवर जायची घाई. "दाखला आणा, मग पाहू," असे आपण म्हणालो, की पुष्कळदा तो पुन्हा दिसत नाही. कांड्या भरायच्या कामाला लागतो.

त्याची अडचण नीट कळावी म्हणून आपण जरा उलट बाजूने पाहू. आपल्याकडची काही कुटुंबे नोकरीनिमित्त आज आयर्लंडात राहतात. समजा, येथे सातवी झालेला मुलगा तिकडे गेला. त्याला 'फर्स्ट इयर'मध्ये घालतात. बाप बुचकळ्यात पडतो. सातवी झालेल्या पोराला पुन्हा पहिली, की एकदम कॉलेज? त्याचे असे आहे की, तेथे दोन बालवर्ग आणि सहा इयत्ता असे आठ वर्षांचे प्राथमिक शिक्षण असते. ते संपले, की माध्यमिक शाळेची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. त्यातली पहिली तीन वर्षे 'ज्युनिअर सायकल'ची, आणि अखेरची दोन 'लीव्हिंग सर्टिफिकेट' या मोठ्या परीक्षेची. या दोहोंच्या मध्ये बऱ्याच शाळांत 'ट्रान्झिशन इयर' असते. ही प्रथा १९७४ साली सुरू झाली. त्या वर्षी सरकारी परीक्षा नाही. मुले काही दिवस कामाच्या ठिकाणी जाऊन काम पाहतात, नाटक बसवतात, समाजसेवा करतात. आपल्या बापाला वाटेल, पोराचे वर्ष फुकट गेले! कोणी समजावून सांगितले, तरच त्यातला हेतू ध्यानात येतो.

आता भाषेचे पाहा. आयर्लंडात व्यवहार बहुतेक इंग्रजीत चालतो. तरीही शाळेत आयरिश भाषा सर्वांना शिकवितात. मग आयरिशचे अक्षरही न शिकलेल्या आपल्या मुलाने काय करावे? बारा वर्षे पूर्ण झाल्यावर परदेशातून आलेल्या आणि पूर्वी आयरिश शिकण्याची संधी न मिळालेल्या मुलाला तिच्यातून सूट मिळू शकते. पण ती आपोआप मिळत नाही. पालकांनी मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करावा लागतो. नकार मिळाल्यास अपीलही करता येते. म्हणजे हक्क आहे. परंतु ज्याला तो ठाऊक, त्यालाच त्याचा उपयोग.

आपल्याकडेही नेमके असेच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला पुष्कळ दिले आहे. शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवावे. मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी त्याला विशेष प्रशिक्षण द्यावे. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला, म्हणून प्रवेश अडवू नये. वयाचा पुरावा नाही, म्हणूनही नाकारू नये. असा मुलगा पुढे चौदा वर्षांचा झाला, तरी आठवीपर्यंतचे त्याचे शिक्षण मोफतच चालू राहते. मागावर बारा बारा तास उभ्या असलेल्या बापाला हे कोण सांगणार?

मराठीचा प्रश्न मात्र जरा निराळा आहे. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. बाहेरून आलेल्या मुलाला आयर्लंडसारखी सूट द्यावी काय? मला तसे वाटत नाही. तिकडे आयरिशवाचून मुलाचे फारसे अडत नाही. इथे मराठीवाचून तलाठ्याकडे, दवाखान्यात, पुढे नोकरीत, पदोपदी अडेल. त्याला सूट नको, सवड हवी. पहिल्या परीक्षेत शुद्धलेखनाचे गुण कापण्यापेक्षा त्याला आधी बोलू द्यावे, शेजारी मराठी बोलणारा सोबती द्यावा, आणि वर्षभराने त्याचे माप घ्यावे.

तेव्हा शिक्षकहो, नवे पोर दारात आले, की तीन गोष्टी कराव्यात. दाखल्याची वाट न पाहता त्याला त्याच दिवशी वर्गात बसवावे. शाळेची वेळ, परीक्षा, पोषण आहार, पुस्तके यांची माहिती त्याच्या घरच्या भाषेत कोणाकडून तरी बापाला सांगवावी. वर्गातलेच एखादे मूल ते काम आनंदाने करील. आणि महिन्याभराने त्याच्या बिऱ्हाडी एकदा जाऊन यावे.

आणि श्रोतेहो, आपल्या शेजारी असे कुटुंब उतरले असेल, तर उद्या सकाळी त्या मुलाला घेऊन आपणच शाळेत जा. दाखला मागाहून येईल.